मदत हवी आहे: हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरची आईची फाइल नेमकं कोण कोण उघडू शकतं?

परवा नवीन डॉक्टरांनी आम्ही तोंड उघडायच्या आत आईचा 3 वर्षांपूर्वीचा ईसीजी स्क्रीनवर काढून दाखवला. सोय झाली, नाही म्हणत नाही. पण मी दचकलेच. एवढं कळलंय की प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं, कामाप्रमाणे कुणाला काय दिसायचं ते ठरतं आणि कुणी कधी काय उघडलं याची नोंद राहते. रुग्ण बेशुद्ध असला तर कारण लिहून कुलूपबंद माहितीही उघडता येते. त्याला 'ब्रेक द ग्लास' म्हणतात. (नाव मात्र झकास आहे!) फाइल कुणी उघडली ती नोंद आम्हाला मागता येते का? आणि आईच्या मानसोपचाराचे कागद हाडांच्या डॉक्टरांना दिसू नयेत असं वाटलं, तर सांगायचं कुणाला? रेकॉर्ड विभागात काम केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.