छतावरच्या पॅनेलने कुणाच्या हाताला काम मिळते?

दादरकर

काल येथे एका सदस्याने लिहिले की, रोजगारासाठी सरकारने पैसा खर्च करणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे. घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्यात करदात्याचा पैसा घालवण्यापेक्षा उद्योगांचा कर कमी करावा, म्हणजे नोकऱ्या आपोआप येतील, असेही त्यांचे म्हणणे होते. ते वाचून मी इतकी अस्वस्थ झाले की सविस्तर उत्तर दिल्यावाचून राहवत नाही.

कर कमी करून पाहिलेला आहे. सप्टेंबर 2019 मध्ये कंपन्यांचा कर 30 टक्क्यांवरून 22 टक्के झाला, नव्या कारखान्यांसाठी तो 15 टक्के ठेवला गेला, आणि त्यापायी वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडावे लागेल असे सरकारनेच सांगितले. त्यातून किती कारखाने उभे राहिले? रिझर्व्ह बँकेच्या 2019-20 च्या वार्षिक अहवालात स्पष्ट नोंद आहे की ही सवलत कर्जफेडीत आणि रोख शिल्लक वाढवण्यात गेली, नव्या गुंतवणुकीत नाही. मालाला गिऱ्हाईकच नसेल तर कर वाचला म्हणून कोणता कारखानदार माणसे वाढवील?

याउलट घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणाऱ्या, फेब्रुवारी 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेकडे पाहा. एक कोटी घरांसाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे आणि तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. पॅनेल कुठेही तयार होवो, ते छतावर चढवणारा, लोखंडी सांगाडा जोडणारा, तारा ओढणारा माणूस जवळपासचाच लागतो. विजेचे बिल उतरते आणि मजुरी गावात राहते. या योजनेतून 17 लाख रोजगार निर्माण होतील असा सरकारचा अंदाज आहे.

गिरगावकर

ते लेखन माझेच होते, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. कंपन्यांच्या कराबाबत आपण दिलेला दाखला मला नाकारता येत नाही. पण 17 लाख रोजगार म्हणजे नेमके काय? तीन दिवस पॅनेल बसवून परत गेलेला माणूस त्यात एक रोजगार म्हणून मोजला जातो का, हे कुणी सांगत नाही.

आता माझ्या इमारतीचे सांगतो. जुनी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा उपकर भरणारी) इमारत आहे, अर्ध्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत आणि शेजारी टॉवर उभा राहिल्यापासून दुपारनंतर ऊन येत नाही. पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत. पंचवीस वर्षे टिकणारे पॅनेल अशा छतावर कोण बसवील? गृहनिर्माण संस्थांना अनुदान आहे, पण ते सामाईक विजेपुरते आणि किलोवॉटला 18,000 रुपये. म्हणजे ज्याचा स्वतःचा बंगला आहे त्याला 78,000 आणि चाळीतल्या माणसाला जिन्यातल्या दिव्यापुरते. पैसा मात्र दोघांच्या करातून जातो.

शिवाय सरकारी रोजगाराचा अनुभव आम्हा मुंबईकरांना नवा नाही. 1975 पासून रोजगार हमीसाठी म्हणून व्यवसाय कर कापला जातो. आजही माझ्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये जातात. त्या पैशातून खड्डे खणले आणि बुजवले, यापलीकडे काय झाले?

माणदेशी (सध्या घाटकोपर)

गिरगावकर, शेवटचे वाक्य आपण मागे घ्यावे. 1972 च्या दुष्काळात माझी आजी आणि आई दोघी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होत्या. आई तेव्हा चौदा वर्षांची होती. दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटला जाणारा कोरडा खाऊ, मिळायची, ती पदरात बांधून धाकट्या भावंडांसाठी घरी आणायची. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसे अशा कामांवर होती. ती कामे निघाली नसती तर मी हे लिहायला येथे नसते, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे.

आपण ज्याला खड्डे म्हणता त्यांतला एक पाझर तलाव आमच्या शिवारात अजून आहे. त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी असते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची ही कल्पना मांडली आणि 1977 च्या कायद्याने काम मागणे हा गावातल्या माणसाचा हक्क झाला, तेव्हा देशात दुसरीकडे असे काहीही नव्हते. आपला व्यवसाय कर त्यात होता, तसा राज्याचा तितकाच वाटाही होता. वर्षाला 2,500 रुपयांचा हिशेब मागताना माझ्या आजीच्या हातावरचे घट्टेही मोजा.

गिरगावकर

मागे घेतो, कारण ते वाक्य रागाच्या भरात लिहिले गेले. पण राग कुठून आला तेही ऐका. माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि वडील पुन्हा कधीच आत गेले नाहीत. त्याआधी काही वर्षे त्यांच्या पगारातूनही तोच व्यवसाय कर कापला जात होता. त्यांच्या हाताचे काम गेले तेव्हा त्यांच्यासाठी कुणी सरकारी कामाचे हजेरीपत्रक उघडले? हमी होती ती गावासाठी. शहरातल्या बेकाराला हमी नव्हती, आजही नाही. आईने खानावळीचे डबे करून आम्हा तिघांना शिकवले. सरकार रोजगार देते हे वाक्य ऐकले की मला त्या घरातली संध्याकाळ आठवते, आणि आजीच्या घट्ट्यांचा हिशेब मला कुणी शिकवलेला आवडत नाही.

माणदेशी

आपल्या वडिलांविषयी मला माहीत नव्हते. शहराला हमी नव्हती हे खरे आहे आणि ते चूक होते. परंतु यातून निघणारा निष्कर्ष शहरातही हजेरीपत्रक असावे हा आहे, गावातले बंद करावे हा नाही.

मुलुंडकर

वीज पारेषणाच्या कामात माझी एकतीस वर्षे गेली आहेत, म्हणून मूळ विषयावर बोलतो. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल रुळांवर उभ्या राहिल्या. ते संकट विजेच्या टंचाईचे नव्हते, ती शहरात आणणाऱ्या वाहिन्यांचे होते. खारघर-विक्रोळी वाहिनी किती वर्षे रखडली आणि 2023 मध्ये सुरू झाली, ते आम्ही जवळून पाहिले आहे. सूर्य मावळल्यावर आपले पॅनेल झोपते, पण मुंबईचे पंखे आणि वातानुकूलन यंत्रे चालूच असतात. सरकारी पैसा वाहिन्यांवर, उपकेंद्रांवर आणि वीज साठवण्यावर घाला. त्यातही मनोरे उभारणारे शेकडो हात लागतात.

आणि एक इशारा देतो. दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पाच्या वेळीही गुंतवणूक येईल, कोकणात रोजगार येईल असेच सांगितले होते. सरकारी हमी दिली गेली, वीज मंडळाला न परवडणाऱ्या दराने वीज घ्यावी लागली आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. रोजगाराच्या नावाखाली करार वाचायचा राहून जातो.

वायरमन, डोंबिवली

मी आयटीआय केलेला वायरमन आहे. दादरकर ताई ज्या माणसाविषयी लिहितात तो मीच आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. सात महिने एका ठेकेदाराकडे कल्याण ते बदलापूर पट्ट्यात छतांवर पॅनेल बसवले. रोज एक घर, कधी दोन. भविष्य निर्वाह निधी नाही, विमा नाही, कमरेचा पट्टा मागितला तर उद्यापासून येऊ नको असे उत्तर. माझा जोडीदार पत्र्यावरून घसरला, त्याचा मनगटाचा सांधा अजून नीट वळत नाही आणि उपचाराचा खर्च त्याच्या भावाने केला. ग्राहकांचे अनुदान अडकले की ठेकेदार आमची मजुरी अडकवायचा. शेवटचे दोन महिने मला मिळालेच नाहीत. आता मी लिफ्टच्या देखभालीवर आहे. पगार कमी आहे, पण एक तारखेला येतो.

तरीही योजना बंद करा असे मी म्हणणार नाही. छतावर धूळ आणि कबुतरांची घाण बसते, इन्व्हर्टर बिघडतात, आणि दुरुस्तीला कुणी फिरकत नाही. बसवण्याचे काम एकदाच असते, देखभालीचे पंचवीस वर्षे. अनुदानाच्या अर्जाला ज्यांनी काम केले त्यांची हजेरी आणि पाच वर्षांचा देखभालीचा करार जोडायला लावा.

दादरकर

17 लाखांचा आकडा मी पडताळणी न करता लिहिला, ही चूक मी मान्य करते. मजुरी गावात राहते असेही मी लिहिले होते. या भाऊंची दोन महिन्यांची मजुरी ठेकेदाराकडेच राहिली, याचे मला वाईट वाटते. मुलुंडकरांचे वाहिन्यांविषयीचे म्हणणेही पटते, फक्त दाभोळ आणि तीन किलोवॉटचे छत एका तागडीत घालणे मला पटत नाही. येथे कुणाला पंचवीस वर्षांच्या दराची हमी दिलेली नाही. मात्र कर कमी केल्याने नोकऱ्या येतात, हे मी आजही मानणार नाही.

गिरगावकर

मानू नका. पण हजेरी जोडण्याची ही अट जर त्या योजनेत असती तर मी कालचे लेखन केले नसते, इतके कबूल करतो. सरकारी पैसा कुणाच्या नावावर, किती दिवसांसाठी गेला हे कागदावर दिसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे होते. ते मी नीट मांडले नाही. वायरमन भाऊ, आपल्या थकलेल्या मजुरीसाठी कामगार आयुक्तांकडे अर्ज करता येतो. माझ्या वडिलांचे असे अर्ज मी शाळेत असताना लिहिले आहेत. आपली हरकत नसेल तर आपलाही लिहून देईन.