ड्रेनचा आकडा खरा कसा मिळवायचा? सर्जिकल वॉर्डवाल्या सिस्टर्स, मदत हवी आहे

नमस्कार. मी स्टाफ नर्स, फिमेल सर्जिकल वॉर्डला सहा वर्षं झाली. आमच्याकडे ब्रेस्ट कॅन्सरची ऑपरेशनं बरीच होतात, बहुतेकींना दोन रोमोव्हॅक ड्रेन (जखमेत साठणारं पाणी-रक्त नळीने ओढून घेणारा, दाबून लावायचा डबा), एक काखेत आणि एक छातीवरच्या फ्लॅपखाली, म्हणजे टाके घालून बसवलेल्या कातडीखाली.

गेल्या आठवड्यात झालं असं की एका पेशंटचा काखेतला ड्रेन आदल्या दिवशी 110 होता तो सकाळी एकदम 10 एमएल. सर राऊंडला खूश, म्हणाले उद्याही एवढाच आला तर काढून टाकू. नंतर मी स्पंज द्यायला गेले तर काखेखाली फुगलेलं, बोट लावलं की आत पाणी हलतंय, ड्रेसिंग ओलं. टाक्यापासून नळी धरत धरत खाली आले तर क्लॅम्प बंद! संध्याकाळी डबा रिकामा करताना लावला तो उघडायचाच राहिला. उघडून डबा दाबून लावला तर तासाभरात 80 आले. पेशंटला पुढे काही झालं नाही, पण सर जे बोलले ते आख्ख्या वॉर्डने ऐकलं, आणि खरं सांगू का, त्यांचं चुकलं नव्हतं. 24 तासांत 30 च्या आत, तेही लागोपाठ दोन दिवस, यावरच आमच्याकडे ड्रेन निघतो.

मग मागचे चार्ट काढून बसले. नाईटला तीन दिवस 50, 50, 50. रंगाच्या रकान्यात काहीच नाही. दोन्ही ड्रेनची बेरीज एकत्रच. शिवाय नातेवाईक परस्पर बाथरूममध्ये ओतून येतात, किती होतं विचारलं तर "अर्धा डबा असेल सिस्टर". आणि डबा पूर्ण फुगला म्हणजे सक्शन गेलं हे नवीन मुलींना कुणी सांगितलेलंच नाही, त्यांना वाटतं अजून बरीच जागा आहे!

रात्री आम्ही दोघी आणि पेशंट 34, त्यामुळे अजून एक भलामोठा फॉर्म काढला तर तोही ५०-५०-५० नेच भरणार हे मला माहीत आहे. तुमच्याकडे कसं करता? आयओ चार्टमध्येच (पेशंटच्या शरीरात किती गेलं, बाहेर किती आलं तो तक्ता) की वेगळा कागद? नातेवाईकांना कसं आवरता?

प्रतिसाद १
ताई, फॉर्म वाढवू नका, हँडओव्हर बदला. आमच्याकडे जाणारी आणि येणारी दोघी बेडपाशी जातात, टाक्यापासून डब्यापर्यंत नळीवरून हात फिरवायचा, क्लॅम्प उघडा, डबा दाबलेला, गुठळी नाही, बस्स. चिकटपट्टीवर १ काख, २ छाती लिहून नळीला आणि डब्याला दोन्हीकडे लावतो. मोजायचं मेजरिंग जारमध्ये ओतून, डब्यावरच्या रेघा बघून नाही. आणि ड्रेन अचानक कमी झाला की आधी नळी बघायची, खूश नंतर व्हायचं. लालभडक रक्ताने डबा भराभर भरायला लागला तर मात्र मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन. गुठळीसाठी मिल्किंग (नळी बोटांनी दाबत गुठळी पुढे सरकवणं) करायचं की नाही हे तुमच्या सरांना आधीच विचारून ठेवा, सगळ्यांना ते आवडत नाही.

प्रतिसाद २
नातेवाईकांना ओरडून उपयोग नाही हो, काही पेशंट ड्रेन घेऊनच घरी जातात, मग तिथे कोण करणार? आम्ही दुसऱ्या दिवसापासून एकाच माणसाला समोर उभं करून शिकवतो, हात धुणे, क्लॅम्प लाव, ओत, डबा दाब, दाबलेला असतानाच बूच लाव, क्लॅम्प उघड. वॉर्डात असेपर्यंत सिस्टर समोर असल्याशिवाय ओतायचं नाही. आणि डबा पलंगाला बांधू नका, पेशंट झोपेत उठते आणि टाका ओढला जातो. आमच्या मावशी जुन्या चादरीच्या झोळ्या शिवतात, गळ्यात अडकवायची पण डबा जखमेच्या खालीच राहतो.

धागाकर्ती
दोघींचे खूप आभार! पलंगाला बांधायची चूक आम्हीही करतो 🙈 उद्यापासून नळीवर हात फिरवणं सुरू करते, इन्चार्ज सिस्टरांशी बोलले आहे. झोळीची दोरी किती लांब ठेवता तेवढं सांगाल का? आमच्या मावशी मशीन घेऊन तयार आहेत.