बेसमेंटमध्ये उभी गाडी स्क्रीनवर पळतेय! मदत हवी आहे (तातडीची)

खांब_बी१४: बेसमेंट पार्किंगमध्ये गाडी कुठे आहे ते स्क्रीनवर दाखवायचा प्रोजेक्ट आहे. सोमवारी रिव्ह्यू आहे, म्हणून थेट विचारतो. भिंतीवर दोन रेडिओ युनिटं, एक गाडीत. सिग्नलच्या जोरावरून अंतर काढतो. मैदानावर झकास चाललं. बेसमेंटमध्ये मात्र गाडी जागची हलत नाही आणि स्क्रीनवर बी१४ खांबावरून सी३ खांबाला उडी मारते. कोड तीनदा बघितला. आकड्यांच्या उड्या गाळायला फिल्टर कुठला लावू?

अर्धवट_इंजिनियर: युनिटं कसली? ब्लूटूथ, वायफाय? एकमेकांपासून किती लांब?

खांब_बी१४: गाड्या एकमेकींशी बोलतात तीच हो, ८०२.११पी, गाड्यांसाठीचं वायफाय. चारेक मीटर लांब. प्लग तिथेच आहे.

जुना_रेडिओवाला: प्लग बघून अँटेना लावलात! इतक्या जवळजवळ लावल्यावर अंतरात थोडी चूक झाली तरी गाडी बाजूच्या रांगेत जाणारच. शिवाय ही युनिटं चालतात त्या ५.९ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम ५ सेंटीमीटर. स्लॅबवरून, शेजारच्या गाडीच्या पत्र्यावरून लाटा परततात. कोणी ट्रॉली ढकलत गेलं तरी सिग्नलच्या जोराचा आकडा बदलतो. फिल्टर काय करणार?

टिकटिक: यूडब्ल्यूबी घ्या, म्हणजे खूप रुंद चॅनेलचा रेडिओ, विषय संपला. तुमच्या १० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर जोराऐवजी लाट पोचायची वेळ मोजलात तरी थेट आलेली लाट आणि परतलेली लाट सुटी दिसायला वाटेत ३० मीटरचा फरक लागतो. यूडब्ल्यूबीच्या ५०० मेगाहर्ट्झला तेच ६० सेंटीमीटर.

जुना_रेडिओवाला: सोमवारपर्यंत तुम्ही आणून देताय का? ओबीडीतून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटातून, वेग घ्या; वेगाचा कोड पीआयडी ०डी. वेग शून्य तर ठिपका हलवायचाच नाही. गाडी चालत असताना ती किती सरकली ते वेगावरून, रेडिओ फक्त दुरुस्तीला.

टिकटिक: ०डीचा वेग ताशी एकेका किलोमीटरच्या पायरीने येतो. पार्किंगमध्ये गाडी रांगते, चूक साचत जाणार.

नेकारकाठचा: आमच्या श्टुटगार्ट विमानतळावर पी६ पार्किंगमध्ये ठराविक गाड्यांना ड्रायव्हरशिवाय स्वतः जाऊन लागायची परवानगी २०२२ च्या नोव्हेंबरात मिळाली. सेन्सर गॅरेजमध्येच बसवलेत.

दुपारची_झोप: मी खांबाच्या नंबरचा फोटो काढून ठेवते, कधी चुकले नाही.

अर्धवट_इंजिनियर: ताई, त्याला गाडी सापडत नाहीये असं नाही हो.

खांब_बी१४: शून्य वेगाचं पटलं. ओबीडीचं सॉकेट कुठे असतं?

जुना_रेडिओवाला: स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ. गाडी कुठल्या सालची?

खांब_बी१४: काकांची आहे. २००४.

जुना_रेडिओवाला: हे आधी सांगायचं ना राव! इतक्या जुन्या गाडीत ओबीडी बहुधा नसेलच. आता प्लगचा नाद सोडा, बॅटरी घेऊन आधी एक युनिट समोरच्या भिंतीला न्या.