चीड की कैल? मदत हवी आहे, अर्जंट

रानवाट: हिमाचलमधल्या फोटोंना नावं द्यायचीत आणि चीड की कैल, या दोन पाइनच्या झाडांपाशीच गाडी अडलीये. नेटवर बघून बघून डोकं उठलं, सगळी झाडं सारखीच दिसतात. उद्या सकाळी द्यायचंय, प्लीज कोणीतरी सरळ सांगा.

पानगळ: फोटो कुठेयत? आणि जागेची उंची किती होती?

घाटमाथा: चीडच असणार, डोळे झाकून लिही. मी फिरलो तिथे सगळीकडे चीडच होता.

पानगळ: तू कुठे फिरलास त्यावरून याचं झाड कसं ठरणार? चीड साधारण २००० मीटरपर्यंत, कैल १८०० पासून पार ३५०० च्या आसपास, मधे दोन्ही एकत्र. रानवाट, एका झुपक्यात सुया, म्हणजे सुईसारखी पानं, किती ते मोज. तीन तर चीड, पाच तर कैल.

सदाहरित: देवदार पण असू शकतो ना?

पानगळ: देवदार पाइन नाहीच हो, सीडर आहे. त्याच्या सुया आखूड, आणि शंकू, म्हणजे बिया असलेली बोंडं, फांदीवर उभे असतात.

कुंडीवाला: पाइन कुंडीत लावणार असाल तर पाणी साचू देऊ नका, मुळं कुजतात.

रानवाट: कुंडी नकोय मला!! सुया मोजता येत नाहीयेत, फोटो लांबून आहेत. खाली पडलेल्या शंकूचा एक क्लोजअप आहे, लांबट, केळ्यासारखा जरा वाकडा, खवल्यांच्या टोकांना पांढरा चिकट थर.

पानगळ: हे आधी सांगायचं की! कैल आहे तो. चीडचा शंकू गोलसर, लाकडासारखा टणक आणि जड.

घाटमाथा: बरं, कैल. पण चीड वाईट झाड, त्याच्या पिरुलमुळे, म्हणजे वाळून पडलेल्या सुयांमुळे वणवे लागतात.

सदाहरित: वणवे बहुतेक वेळा माणसं लावतात, झाडाला कशाला दोष? जाड सालीमुळे मोठा चीड त्यातून वाचतो, शिवाय लिसा, म्हणजे त्याची राळ, विकून लोकांना पैसे मिळतात.

घाटमाथा: पिरुलचा थर साचला की आग पसरते, हे तरी मान्य कर.

रानवाट: थांबा, लिसा म्हणजे खोडाला खाचा पाडून खाली वाटी लावतात तेच का? खालच्या गावातल्या फोटोंमध्ये तसं दिसतंय.

पानगळ: म्हणजे जागा दोन आहेत?? मग खालचे बहुतेक चीड, लिसा मुख्यतः त्याचाच काढतात. तिथला शंकू दिसतोय का कुठे?