गॅरेजमध्ये न डगमगणारं वर्कबेंच करायचंय, सल्ला हवा

शनिवारचा सुतार:
गॅरेजच्या मागच्या भिंतीलगत स्वतःच वर्कबेंच करायचं ठरवलंय. लांबी १.८ मीटर मिळेल, रुंदी ६० सेंटिमीटर. मुख्य काम लाकडाचं, अधूनमधून सायकल किंवा गाडीचा एखादा भाग उघडतो. सध्या जुन्या टेबलावर भागवतोय, पण रंधा मारायला लागलं की टेबलच पुढे सरकतं आणि करवतीच्या प्रत्येक ओढीला पाय कुरकुरतात. पाय किती जाडीचे घ्यावेत? वरची फळी प्लायची चालेल की जाड लाकूडच हवं? उंची किती ठेवावी? आणि चाकं लावू का? गाडी आत घेताना बेंच बाजूला सारता येईल.

गुण्या:
पायांच्या जाडीची फार काळजी करू नका. ७५ मिलिमीटर चौरस पाय वजन सहज पेलतात, ९० चे मिळाले तर उत्तमच. बेंच वजनाने सहसा मोडत नाही, ते डगमगतं, आणि डगमग सांध्यांतून येते. चार पट्ट्यांची चौकट कोपऱ्यात जरा सैल झाली की कलते. त्रिकोण मात्र बाजू वाकल्याशिवाय कलू शकत नाही. म्हणून कुठेतरी त्रिकोण हवाच, किंवा त्याचं काम करणारा सलग पत्रा नाहीतर प्लाय.

तुमची मागची बाजू भिंतीकडे आहे, तिथे पाय अडकायचा प्रश्न नाही. मागच्या दोन्ही पायांना १२ मिलिमीटरचा प्लाय स्क्रूने घट्ट बसवा. लांबीच्या दिशेची डगमग तिथेच संपते. दोन्ही टोकांच्या चौकटींना तिरकी कैची (कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी पट्टी) मारा किंवा तसाच प्लाय लावा. पुढची बाजू उघडी ठेवायची असल्याने फळीखालची आडवी पट्टी चांगली १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची घ्या, आणि दुसरी जमिनीपासून वीतभर वर.

आता सांधा. पट्टी पायाच्या बाहेरून नुसती बोल्टने आवळली, तर सगळा भार बोल्टवर येतो आणि भोक हळूहळू लांबट होतं. त्यापेक्षा पायात १५-२० मिलिमीटर खोल खाच घ्या आणि पट्टी त्या खाचेत टेकवा. भार लाकडावर लाकूड पेलेल, बोल्ट फक्त धरून ठेवेल. खाच घेताना करवतीने कडेच्या दोन रेघा आधी कापा, मधे चार-पाच काप आणखी द्या, मग पटाशीने तुकडे उडवा. पट्टी हाताच्या दाबाने आत जाईल पण खडखडणार नाही, इतपत बसली पाहिजे. प्रत्येक सांध्याला १० मिलिमीटरचे दोन बोल्ट, बरोबर एकाखाली एक न लावता तिरक्या रेषेत, आणि दोन्हीकडे मोठे वायसर. टोकाच्या चौकटी ग्लूने कायमच्या जोडा, लांब पट्ट्या फक्त बोल्टवर ठेवा. उद्या बेंच हलवायचं झालं तर सुटं होईल. लाकूड सुकून आकसतं, तेव्हा ऋतू बदलला की एकदा पाना फिरवा.

बोल्ट शेवटचे आवळण्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे आले की चौकट काटकोनात.

भुसा:
फळीबद्दल मी प्लायच्या बाजूने. १८ मिलिमीटरचे दोन थर ग्लूने जोडले की ३६ मिलिमीटर होतात, तिसरा थर दिलात तर ५४, आणि मग हातोडा मारताना खालून पोकळ आवाज येत नाही. ग्लू सगळीकडे पसरवा आणि स्क्रू खालून, मधून सुरू करून कडेकडे मारत जा, म्हणजे जास्तीचा ग्लू बाहेर पडतो. पुढच्या कडेला कठीण लाकडाची पट्टी लावा, नाहीतर प्लायचे पापुद्रे सुटतात. सर्वांत वर ६ मिलिमीटरचा हार्डबोर्ड चार-सहा स्क्रूवर बसवा. त्यावर तेल सांडेल, कापल्याच्या खुणा पडतील, रंग लागेल. खराब झाला की काढायचा आणि नवा लावायचा.

जाड लाकूड घेतलंत तर एक ध्यानात असू द्या. हवेतल्या ओलाव्याने ते रुंदीत फुगतं-आकसतं. खालच्या स्क्रूंची भोकं लांबट ठेवली नाहीत तर फळीला चीर जाते. प्लायला ही कटकट नाही.

नटबोल्ट:
चाकांना माझा विरोध. लॉक केलेलं चाकसुद्धा किंचित हलतं आणि रंध्याच्या जोराला तेवढं पुरतं. हवीच असतील तर पायडलने बेंच उचलणारी घ्या, काम करताना पाय जमिनीवरच टेकले पाहिजेत. शिवाय गॅरेजची जमीन बहुधा पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती असते. जिथे बेंच ठेवणार तिथे लेव्हल लावून पाहा आणि पायांना खालीवर होणारे स्क्रूचे तळ बसवा.

शनिवारचा सुतार:
धन्यवाद सगळ्यांना. आत्ताच फीत लावली, गाडी आत घेऊनही ६० सेंटिमीटर मागे उरतात. चाकं रद्द! उंचीचं आणि वाइसचं (लाकूड जबड्यात घट्ट धरणाऱ्या शिकंज्याचं) कुणी सांगेल का?

गुण्या:
ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगटाची घडी जमिनीपासून जितकी वर, तितकी उंची. रंधा मारताना अंगाचं वजन वरून देता येतं.

नटबोल्ट:
रंध्यासाठी बरोबर, पण सायकलचा हब (चाकाचा मधला तुंबा) उघडून बसायचं तर पाठ वाकते. मी कोपर आणि मनगट यांच्या मधली उंची सुचवेन.

गुण्या:
त्यांचं मुख्य काम लाकडाचं आहे, म्हणून मी मनगटावरच ठाम आहे. बारीक कामासाठी वर एक ठोकळ्यांचा छोटा चौरंग ठेवता येतो, उंच बेंच मात्र कामापुरतं खाली घेता येत नाही.

वाइस उजव्या हाताने काम करत असाल तर डाव्या टोकाला, पायाच्या शक्य तितकं जवळ लावा. मधोमध लावलात तर ठोकताना फळी लवते. लाकडाच्या वाइसचा आतला जबडा बेंचच्या पुढच्या कडेशी सपाट ठेवा, म्हणजे लांब फळी कडेला टेकवून धरता येईल. लोखंडकामाचा वाइस दुसऱ्या टोकाच्या पायावर, आरपार बोल्टने. स्क्रूवर तो टिकणार नाही.

भुसा:
आणि भिंत पक्की असेल तर मागची पट्टी दोन-तीन अँकर बोल्टने भिंतीला बांधा. खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून जड अवजारं तिथेच ठेवा, रंधा मारताना बेंच सरकणार नाही.

शनिवारचा सुतार:
ठरलं तर मग. ९० चे पाय, खाच आणि बोल्ट, मागे १२ चा प्लाय, वर तीन थर आणि हार्डबोर्ड. उंची मनगटाची. लाकूड आणून आठवडाभर गॅरेजमध्येच रचून ठेवतो, मग कापायला घेतो.

गुण्या:
रचताना थरांमध्ये बारीक पट्ट्या घाला, हवा खेळू द्या. जो नग वाकेल तो पायाला वापरू नका, आखूड तुकड्यांसाठी ठेवा.