धुऱ्यावरची रुई तोडू का ठेवू?

भाऊ, धुऱ्यावर रुई लय माजली, बाबा म्हणते उपटून टाक, पण काल पानाखाली काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली, तुरीवर तर नाही चढणार ना?

— नाही चढत बावा. प्लेन टायगर फुलपाखराची असेल, अमेरिकेतल्या मोनार्कचं भाऊबंदच हे, तिकडं ते मिल्कवीडवर अंडी घालते अन् इकडं हे रुईवर, त्या चिकाचं विष अंगात मुरते म्हणून पाखरं तोंड लावत नाहीत.

— रुई ठेवसाल पण फवारणी? तूर फुलावर असताना सकाळी नका मारू, तेव्हाच मधमाश्या फिरतात. आमच्या शेजाऱ्यानं भर दहाला पंप चालवला, बाभळीखाली माश्यांचा सडा! संध्याकाळी मारा.

— बरं, चार झाडं ठेवतो. बाबाले सांगतो, शनिवारी मारुतीले पानं लागतात 😄