मदत हवी आहे : वृद्धाश्रमातील मूत्रसंसर्गासाठी अँटिबायोटिक कसे निवडावे?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यालगतच्या वृद्धाश्रमात मी आठवड्यातून दोनदा तपासणीसाठी जातो. उन्हाळ्यात पाणी पिणे कमी झाले की लघवी गडद होते, तिला वास येतो आणि सेविका लगेच अँटिबायोटिक मागतात. वृद्धांच्या लघवीत कोणतेही लक्षण नसतानाही जंतू सापडतात व तेवढ्यावरून औषध देऊ नये, हे मला मान्य आहे. परंतु स्मृतिभ्रंशामुळे जळजळ होते की नाही हेही सांगू न शकणाऱ्या आजी एकाएकी भ्रमिष्टासारख्या वागू लागल्या, तर केवळ पाणी पाजून वाट पाहण्याचे धैर्य होत नाही. ताप नसताना अशा रुग्णावर आपण किती काळ नुसती देखरेख ठेवता?

सध्याची निकड वेगळी आहे. ७८ वर्षांच्या एका मधुमेही आजींना ताप नाही, पण जळजळ स्पष्ट आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे किती काम करतात याचे माप) मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असल्याने नायट्रोफ्युरँटॉइन हे मूत्रसंसर्गावरचे अँटिबायोटिक देता येत नाही. त्या ग्लिमेपिराइड ही साखर कमी करणारी गोळी घेतात, त्यामुळे सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकने साखर एकदम उतरण्याची भीती वाटते. फॉस्फोमायसिन या अँटिबायोटिकची ३ ग्रॅमची एकच मात्रा योग्य ठरेल असे वाटते, मात्र तालुक्याच्या दुकानात ते मिळत नाही. ते येईपर्यंत दुसरे काही द्यावे का?

कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) घेतलेला लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचत नाही. तो बर्फाच्या डब्यातून पाठवणाऱ्यांनी आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.